मुंबई गोदीतील मालचोरी आणि खलाशांकडून होणारी तस्करी : हे नेमके कसे चालत असे?

शिवडीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरातील दोन पिढ्या मुंबई बंदरावर जगल्या. वडिलांचे वडील अलेक्झांड्रा गोदीत, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीत, किनारा कामगार होते. आईचे वडील दापोली तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावातून बोटीवर गेले आणि इंजिनखात्यात तेलवाला म्हणून निवृत्त झाले. गावाच्या वार्षिक अंकासाठी मी या दोन्ही कामांवर एक दीर्घ लेख लिहीत आहे. त्यासाठी जुन्या मंडळींकडे जाऊन बसलो की प्रत्येक घरात गोदीतून येणाऱ्या मालाचा आणि बोटीवरून उतरणाऱ्या सोन्याचा विषय निघतो, आणि निघाला की लगेच मिटवला जातो. काही नातेवाइकांना हा विषय लेखात मुळीच नको आहे, कारण गोदीवाला म्हणजे चोर आणि बोटीवाला म्हणजे स्मगलर हा शिक्का त्यांनी मुलींच्या सोयरिकी जुळवतानासुद्धा सोसला आहे.

मला हा विषय टाळायचा नाही, पण ऐकीव गोष्टींवर लिहायचेही नाही. गोदीच्या प्रत्येक फाटकावर झडती होत असताना माल बाहेर जात कसा होता? खलाशाने घरच्यांसाठी आणलेले घड्याळ आणि जॅकेटमध्ये शिवून आणलेली सोन्याची बिस्किटे यांत त्या काळी कायदा फरक करीत होता का? आणि १९९० नंतर हे सारे ओसरले ते पोलिसांच्या धाकाने, की आणखी कशाने? ज्यांनी ते काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

टॅलीबुक

शिवडीकर, मी १९६० च्या दशकाच्या अखेरीस टॅली क्लार्क म्हणून, म्हणजे मालाचे नग मोजून लिहिणारा म्हणून, गोदीत लागलो आणि निवृत्तीपर्यंत तेच काम केले, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो.

कंटेनर येण्यापूर्वी माल सुटा येत असे. पेट्या, पोती, गासड्या, पिंपे, टोपल्या असा हजारो टन माल एका जहाजाच्या फाळक्यात, म्हणजे माल ठेवायच्या पोकळीत, भरलेला असे आणि तो उतरवायला आठवडा, कधी पंधरवडा लागे. फाळक्यातील टोळी माल जाळीत किंवा दोरीच्या स्लिंगमध्ये भरी, सिग्नलमनच्या इशाऱ्यावर विंचमन तो उचली, धक्क्यावरील किनारा कामगार तो उतरवून हातगाडीने शेडमध्ये नेत, तेथे त्याची थप्पी लागे आणि कित्येक दिवसांनी तो व्यापाऱ्याच्या लॉरीत चढे. यातील फाळक्यातली माणसे स्टीव्हडोअरची, म्हणजे जहाजावरचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंत्राटदाराची, आणि धक्क्यावरची पोर्ट ट्रस्टची. जबाबदारी बदले ती जहाजाच्या हुकाखाली. एक टॅली जहाजाची, दुसरी गोदीची, आणि पेटी फुटलेली आढळली की ती फाळक्यात फुटली की धक्क्यावर, यावर दोन्ही बाजूंचा वाद ठरलेला. हा वाद कधीच पूर्ण सुटत नसे. चोरी राहत होती ती याच सांध्यात, फाटकावर नव्हे.

जे प्रत्यक्ष होई ते दोन प्रकारचे होते आणि त्यांना एका मापाने मोजणे मला कधीच पटले नाही. पहिला प्रकार हातोहात होणारा. बसऱ्याच्या खजुराची टोपली फुटली की टोळीतला प्रत्येक जण खाई. बदाम, लवंग, दुधाची भुकटी डब्यात किंवा धोतराच्या ओच्यात जाई. पेटी मुद्दाम आपटून फोडण्याचे प्रकारही होत, ते मी नाकारणार नाही. ब्लेड, फाउंटन पेन, बॉल बेअरिंग अशा लहान आणि महाग मालाच्या पेट्यांना अधिक धोका असे, म्हणून फुटलेल्या आणि मौल्यवान पेट्या शेडमधील कुलपाच्या खोलीत ठेवल्या जात. पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या मदतीच्या, गव्हाच्या बोटी लागत तेव्हा सांडलेला गहू झाडून नेणाऱ्या बायका दाणा बंदराकडे नेहमी दिसत. तो गहू कायद्याने कोणाचा असेल तो असो, पण त्या बायकांना चोर म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही.

दुसरा प्रकार कागदाचा. अख्खी लॉरी भरून माल यलो गेट किंवा ग्रीन गेटमधून दिवसाढवळ्या बाहेर जाई आणि तिच्यासोबत गेटपास, डिलिव्हरी ऑर्डर, सही, शिक्का सारे असे. त्यासाठी शेडमधला कोणी, कागद करणारा कोणी, फाटकावरचा कोणी, लॉरीवाला आणि मुख्य म्हणजे आधीच ठरलेला गिऱ्हाईक लागे. हमाल यात फक्त उचलणारा. झडती मात्र रोज पाळी सुटताना हमालाचीच होई, कागदाची होत नसे. आपला प्रश्न झडतीबद्दल होता म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मागचा काळ ध्यानात घ्यायला हवा. स्वातंत्र्यापूर्वी गोदीतले बहुतेक काम तोलीवाल्यांच्या, म्हणजे टोळ्या पुरवणाऱ्या कंत्राटदारांच्या, हाती होते. सकाळी फाटकासमोर उभे राहायचे आणि मुकादमाने बोट केले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने परत, अशी स्थिती होती. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, त्याखाली मुंबईत १९५१ साली योजना लागू झाली आणि डॉक लेबर बोर्ड उभे राहिले, तेव्हा नोंदणी झालेल्या माणसाला काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो आणि त्यांच्या युनियनने यासाठी किती झगडा दिला ते गोदीच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्याचे नाव वाचणाऱ्या किती लोकांना ठाऊक असेल? माझ्या वरिष्ठांचे म्हणणे असे की नोंदणीपुस्तक हाती आल्यावर चोरीचे प्रमाण कमी झाले, कारण आता पकडले गेल्यास गमावण्यासारखे काही तरी त्या माणसापाशी होते. मला हे पटते.

एक गोष्ट जाता जाता लिहितो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा त्यात दारूगोळा आणि कापसाबरोबर सोन्याच्या विटाही होत्या. त्या शहरभर आणि गोदीच्या गाळात विखुरल्या. पुढे अनेक वर्षे गाळ उपसताना त्या मिळत राहिल्या आणि सरकारजमा होत राहिल्या. गोदी कामगाराच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलताना हे कोणी सांगत नाही.

इंजिनरूम

टॅलीबुक काकांनी धक्क्यावरचे सांगितले, मी धक्क्याला लागलेल्या बोटीवरचे सांगतो. मी इंजिनखात्यात अधिकारी होतो आणि माझ्या हाताखालचे बहुतेक आगवाले, तेलवाले रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले होते. सलूनमध्ये गोव्याची माणसे, डेकवर सारंग, टंडेल हे म्होरके आणि खलाशी. शिवडीकर, आपल्या आजोबांसारखी माणसे मी वर्षानुवर्षे जवळून पाहिली आहेत.

सोने का येत होते हे समजल्याशिवाय ते कोण आणत होते याला अर्थ नाही. १९४७ च्या परकीय चलन कायद्यानंतर सोन्याची आयात जवळजवळ बंद झाली, पण मंगळसूत्र आणि पाटल्या थांबल्या नाहीत. त्यामुळे मुंबईतला भाव बाहेरच्या भावाच्या कितीतरी वर राहिला. दुबईत सोने आणणे आणि विकणे कायदेशीर होते. लंडन आणि झुरिचहून ते तेथे उघडपणे येई आणि तेथून बेकायदा होऊन आपल्या किनाऱ्याकडे निघे. या व्यवहारात इतके रुपये बाहेर जाऊ लागले, आणि ते परत येऊन परकीय चलन मागू लागले, की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेला आखातासाठी वेगळा रुपया छापावा लागला. पुढे चीन युद्धानंतर सुवर्ण नियंत्रण आले. जानेवारी १९६३ पासून चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, सोनारांच्या पोटावर पाय आला, आणि चोरट्या सोन्याची मागणी मात्र कमी झाली नाही.

हे सोने दोन वाटांनी उतरे. मोठा हिस्सा गलबतांनी येई आणि दमणपासून खाली कोकणापर्यंत निर्जन किनाऱ्यांवर रात्री उतरे. दुसरी वाट आमच्यासारख्या मालवाहू आणि प्रवासी बोटींची. दहा तोळ्यांचे एक बिस्किट म्हणजे ११६.६४ ग्रॅम. कापडी जॅकेटला ओळीने खिसे शिवलेले असत आणि त्यात शंभर बिस्किटे भरली की साडेअकरा किलोंहून अधिक वजन अंगावर येई. ते घालून शिडी उतरायची, धक्क्यावर सहज चालल्यासारखे चालायचे आणि फाटक ओलांडायचे. पकडला गेला तो या वजनाने चाल बदलल्यामुळे पकडला गेला, असे कस्टम्सचे जुने अधिकारी सांगत. जहाजावर लपवण्याच्या जागा म्हणजे बिल्जमधील, म्हणजे जहाजाच्या तळातील, पाणी, शाफ्टचा बोगदा, तेलाच्या टाक्या, हवेच्या नळ्या, लाकडी फळीमागची पोकळी. कस्टम्सचे रमेजिंग, म्हणजे जहाजाची झडती घेणारे, पथक चढले की ते तासन्‌तास या जागा उपसत असे, आणि काही सापडले की पहिला संशय ज्या खात्यात माल मिळाला त्या खात्यातल्या सर्वांत खालच्या माणसावर.

आता मुख्य गोष्ट. तेलवाल्याच्या पगारात शंभर बिस्किटे विकत घेणे एका जन्मात शक्य नव्हते. म्हणजे माल त्याचा नव्हता. पैसा लावणारा मुंबईत, माल भरणारा आखातात, आणि मधला हा माणूस नगाप्रमाणे ठरलेली मजुरी घेणारा. माल वाटेत गेला तर तो कस्टम्सने धरला की खलाशाने गिळला, हे मालकाला पटवण्याची जबाबदारीही त्याचीच होती, आणि हे पटवता आले नाही तर काय होते ते प्रत्येकाला माहीत असे. काही जण कर्जापायी यात शिरले, काही जण नोकरी मिळवून देणाऱ्याच्या उपकारापायी. काही जण निव्वळ लोभाने शिरले, तेही खरे. परंतु माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एकही बिस्किट हातात धरले नाही. ते आणत ते नायलॉनच्या साड्या, एखादा ट्रान्झिस्टर, टेरिलीनचे कापड, लेकासाठी घड्याळ, आणि भाड्याला पैसे कमी पडले तर त्यातले एखादे मुसाफिरखान्याच्या बाजारात विकून गावची एसटी धरत.

मस्जिदबंदर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण त्यांत एक बाजू राहते आणि ती मला मांडलीच पाहिजे. माझ्या वडिलांचे मस्जिद बंदरला आयात मालाचे लहान दुकान होते. मोठ्या कंपनीची शंभर पेट्यांतली एक पेटी फुटली तर तिला फरक पडत नसे. आमच्या एकूण मालाच्या दोन पेट्याच असत. त्यांतली एक हलकी आली की त्या महिन्याचा नफा गेला. विम्यात चोरी, किरकोळ चोरी आणि माल न पोहोचणे यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागे, त्याचा हप्ता वेगळा, आणि गोदीची कीर्ती पाहून तो वाढत जाई. भरपाई मागायची तर आऊटटर्न रिपोर्ट (प्रत्यक्ष उतरलेल्या मालाचा अहवाल), सर्व्हेअरचा दाखला, जहाज कंपनीचे पत्र, असे कागद गोळा करत दोन-दोन वर्षे जात. जहाज कंपनी म्हणे गोदीत गेले, गोदी म्हणे जहाजावरूनच फुटके आले.

हमालाची गरिबी मला दिसत नाही असे नाही. पण त्याच्या ओच्यातून गेलेले बदाम कोणा शेठजीच्या खजिन्यातले नव्हते, हे कोणीतरी लिहिले पाहिजे. आणि चोरीची शिक्षा त्याच्या प्रामाणिक सोबत्यालाही होत होती, कारण रोज संध्याकाळी फाटकावर झडतीला तोही हात वर करून उभा राहत होता. शिवडीकर यांनी लेखात ही बाजूही घ्यावी अशी विनंती आहे.

फोर्टमधील वकील

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे म्हणून लिहितो. कायदा फरक करीत होता आणि आजही करतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७९ नुसार प्रवाशाच्या किंवा जहाजावरील कर्मचाऱ्याच्या सामानातील जी वस्तू त्याच्या ठरावीक काळ वापरात होती असे अधिकाऱ्याला पटते, ती शुल्काशिवाय सोडता येते. म्हणजे मनगटावरचे वापरलेले घड्याळ आणि डब्यातील नवी डझनभर घड्याळे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण पुढे येते. कलम १२३ असे सांगते की सोने, घड्याळे आणि सरकारने अधिसूचित केलेल्या काही वस्तू तस्करीच्या आहेत अशा वाजवी समजुतीने जप्त झाल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे त्या सापडल्या त्याच्यावर येतो. हे तत्त्व जुन्या सी कस्टम्स कायद्यात १९५५ साली कलम १७८-अ म्हणून घातले गेले होते. ज्याच्याकडे पावत्या, वकील आणि वेळ आहे तो हा भार उचलू शकतो. पुढच्या आठवड्यात जहाज सुटणार असलेला, मराठीखेरीज दुसरी भाषा धड न येणारा खलाशी तो कसा उचलणार?

त्यात कलम १०८ खालील जबाबाची भर. पोलिसापुढील कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, परंतु सीमाशुल्क अधिकारी हा पोलीस नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्यामुळे त्याच्यापुढे दिलेला जबाब चालतो. जुन्या खटल्यांत खलाशाविरुद्धचा मुख्य पुरावा बहुधा त्याने स्वतः सही केलेला जबाबच असे. १९७४ चा कोफेपोसा (तस्करी रोखण्यासाठी स्थानबद्धतेचा कायदा) आणि १९७६ चा साफेमा (तस्करांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा) हे कायदे पैसा लावणाऱ्यांसाठी आणले गेले. कोफेपोसाखाली खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. काही मोठी नावे त्यांत अडकली, पण त्यांच्याकडे उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ होते.

गोदीतील चोरीबाबत कायद्याने मस्जिदबंदर यांच्यासारख्यांची थोडी दखल घेतली आहे. कलम १३ नुसार उतरवलेला माल सोडण्याचा हुकूम होण्यापूर्वी चोरीला गेला, तर त्यावरील शुल्क आयातदाराला भरावे लागत नाही. पुढे १९९५ मध्ये कलम ४५ मध्ये भर घालून, ताब्यात असताना माल चोरीला गेल्यास ते शुल्क माल सांभाळणाऱ्यानेच भरावे असे ठरले. जहाजाने उतरवायचा माल कमी उतरवला तर कलम ११६ खाली शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड होतो. खुद्द मालाची किंमत मात्र आयातदाराला विम्यातून किंवा दाव्यातूनच काढावी लागते, त्यामुळे त्यांच्या वडिलांची तक्रार न्याय्य होती.

शिवडीकर

सर्वांचे मनापासून आभार. मस्जिदबंदर, आपली बाजू लेखात नक्की घेईन. एक उपप्रश्न विचारतो. कामगारांनी हाताळताना थोडा माल घेणे हा हक्क मानण्याची रीत फक्त आपल्याकडची होती की इतर बंदरांतही होती?

ईस्टहॅम

मी लंडनच्या जुन्या गोद्यांपासून फार दूर राहत नाही आणि या विषयावर बरेच वाचले आहे. ही रीत इथे आपल्याही आधीची आणि अधिक पक्की होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस थेम्स नदीत जहाजे नांगरून उभी असत आणि माल लहान होड्यांतून काठावर येई. वेस्ट इंडीजच्या साखरेची जहाजे रिकामी करणाऱ्या मजुरांना मजुरी तुटपुंजी मिळे, आणि सांडलेली साखर, फुटलेल्या पिंपातली कॉफी ही त्यांची वरकमाई असे मालकही मनात धरून चालत. कपड्यांच्या आत घालायची खास खिशांची बंडी त्यांच्याकडेही होती. इंजिनरूम यांच्या वर्णनातले जॅकेट वाचून मला तीच आठवली.

पॅट्रिक कहून हा दंडाधिकारी आणि जॉन हॅरियट हा जुना दर्यावर्दी यांनी २ जुलै १७९८ रोजी वॉपिंग येथे नदी पोलिसांची कचेरी उघडली आणि तिचा बहुतेक खर्च वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी उचलला. नदीवर दरवर्षी पाच लाख पौंडांची चोरी होते हा कहूनचा अंदाज होता. ज्याला पोलीस दल स्थापायचे आहे त्याने काढलेला आकडा म्हणून मी तो थोडा जपूनच घेतो. या कचेरीने झडतीबरोबर आणखी एक काम केले, जे सहसा सांगितले जात नाही. तिने माल उतरवणाऱ्या मजुरांची नोंद केली आणि त्यांच्या मजुरीचे दर ठरवले. म्हणजे वरकमाई बंद करायची तर रोख मजुरी द्यावी लागेल हे त्यांनाही कळले होते. तरीही ऑक्टोबर १७९८ मध्ये कोळसा उतरवणाऱ्या काही मजुरांना कोळसा घरी नेल्याबद्दल दंड झाला, तेव्हा जमावाने कचेरीवर हल्ला केला आणि त्यात गोळीबार होऊन प्राणहानी झाली. त्या मजुरांच्या दृष्टीने तो कोळसा चोरीचा नव्हता, मजुरीचा भाग होता. पुढे १८०२ मध्ये वेस्ट इंडिया गोदी उघडली ती भोवती उंच भिंत घालूनच.

आपल्या माणसांचा यात खरा संबंध येतो तो 'लष्कर' (लॅस्कर) म्हटल्या जाणाऱ्या, इंग्रजी जहाजांवरील आशियाई खलाशांच्या रूपाने. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान आणि अधिकाऱ्यांना स्वतःच्या व्यापारासाठी फाळक्यात टनांनी जागा मिळे, तो त्यांचा लेखी हक्क होता आणि त्यावर कित्येक कप्तान श्रीमंत होऊन निवृत्त झाले. त्याच जहाजावरच्या लॅस्कर खलाशाच्या गाठोड्यात थोडा मसाला किंवा कापड मिळाले की ती तस्करी. इकडच्या थंडीत हे खलाशी बोटीची वाट पाहत रस्त्यावर मरत होते, म्हणून १८५७ मध्ये लाइमहाउसला त्यांच्यासाठी आश्रयगृह उघडावे लागले. चोरी कशाला म्हणायचे हे दोन्ही बंदरांत माल कोणाच्या गाठोड्यात आहे यावर ठरत होते. शिवडीकर, आपल्या लेखात हा धागा यावा असे मला फार वाटते.

न्यूयॉर्कमध्येही, टॅलीबुक यांनी सांगितली तशीच, फाटकासमोर माणसे निवडण्याची पद्धत होती आणि ती गुंडांच्या हाती गेली होती. १९५३ मध्ये तेथे खास आयोग नेमून ती मोडावी लागली.

टॅलीबुक

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. पोलिसांचे श्रेय मी नाकारत नाही, पण गोदीतली चोरी कंटेनरने संपवली. पेटी, पोते, टोपली हे सारे लोखंडी डब्यात गेले, डब्याला सील लागले आणि तो क्रेनने थेट ट्रेलरवर जाऊ लागला. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबई गोदीतला माल हळूहळू तिकडे सरकला. खजुराची टोपली फुटायची थांबली आणि ती उचलणारी टोळीही थांबली. मस्जिदबंदर यांच्या वडिलांची पेटी सुरक्षित झाली आणि त्याच वेळी हजारो माणसांचे काम गेले, या दोन्ही गोष्टी एकाच डब्याने केल्या. आम्ही ज्यांच्यासाठी वर्षानुवर्षे भांडलो त्या नोंदणीपुस्तकांची किंमत स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेत मोजली गेली, याचे दुःख मला अजून आहे.

सोन्याचे निराळे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. दोन भावांतले अंतर आटले आणि जॅकेट शिवणाऱ्यांचे काम संपले. २०१३ मध्ये शुल्क दहा टक्क्यांवर गेले, २०२२ मध्ये पंधरा टक्क्यांवर, तेव्हा चोरटे सोने पुन्हा वाढले, या वेळी बहुतेक विमानतळावर. आणि जुलै २०२४ मध्ये सरकारने शुल्क सहा टक्क्यांवर आणले. मात्र रात्रीच्या वाटा तयार होत्या तेवढ्या काळात त्या वाटांनी दुसरेही काही आले. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला जी शस्त्रे आणि स्फोटके उतरली ती चांदी उतरवण्याच्या जुन्या सवयीच्या आड उतरली आणि त्या प्रकरणात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील माणसांनाही शिक्षा झाल्या. किनाऱ्यावरच्या सवयीच्या लाचेची किंमत त्या मार्च महिन्यातल्या बाँबस्फोटांत सगळ्या मुंबईने मोजली.

इंजिनरूम

काकांच्या म्हणण्याला थोडे जोडतो, कारण शिवडीकरांच्या गावातली मुले अजूनही बोटीवर जातात. सुट्या मालाची चोरी संपली, पण कंटेनरमुळे नवी जोखीम आली. आता विकत घेतली जाते ती माहिती : कोणता डबा कोठे उभा आहे, त्याचा पिन क्रमांक काय, तो कोणत्या ट्रेलरवर जाणार. अँटवर्प बंदरात २०२३ मध्ये ११६ टन कोकेन पकडले गेले आणि तेथील टोळ्या गोदीतल्या क्रेनचालकापासून कार्यालयातील कारकुनापर्यंत प्रत्येकाला पैसे किंवा धमकी देऊन फितवतात. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्र्याला टाल्कच्या नावाखाली आलेल्या डब्यांत जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन मिळाले. जून २०१९ मध्ये फिलाडेल्फियाला 'एमएससी गायेन' या जहाजावर सुमारे अठरा टन कोकेन सापडले, ते समुद्रात रात्री लहान होड्यांतून जहाजाच्याच क्रेनने वर घेतले होते आणि त्यात जहाजावरचे कर्मचारी सामील होते.

अशा जहाजावर काही सापडले की सामील नसलेला खलाशीही परक्या देशात महिनोन्‌महिने अडकतो. म्हणून नव्याने जाणाऱ्या मुलांना मी हे सांगतो : एजंटने किंवा गाववाल्याने दिलेले बंद पुडके, औषध असो की मिठाई, कधीही स्वीकारू नका; सामानाची यादी खरी लिहून द्या, त्यात एक घड्याळ जास्त असेल तर तेही लिहा; डेकवर किंवा इंजिनरूममध्ये अनोळखी पिशवी, नवे वेल्डिंग, तुटलेले सील दिसले तर ते उघडून पाहू नका, हात न लावता तत्काळ चीफला कळवा आणि लॉगबुकात वेळेसह नोंद झाली का ते पाहा; आणि कोठेही ताब्यात घेतले गेलात तर न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करण्यापूर्वी दुभाष्या आणि भारतीय वकिलातीशी संपर्क मागा. शिवडीकर, अंकात लेखाशेजारी चौकट टाकायला जागा असेल तर एवढे तरी छापा.